ईकोमध्ये जादा दिवे बसवताना: फ्यूज, अर्थ आणि वायरचा रस्ता

वाशीच्या एपीएमसीत अंधारात माल भरणाऱ्या ईको पाहिल्या तर चित्र सगळीकडे सारखंच असतं. कंपनीचा छोटा दिवा पुढे, माल मागे, आणि क्रेट मोजणाऱ्याच्या हातात मोबाईलचा टॉर्च. मग कोणीतरी एलईडीची पट्टी आणतो, छताला चिकटवतो, दोन वायरी थेट बॅटरीला जोडतो आणि काम झालं म्हणतो. उजेड छान पडतो. पुढे मे महिन्याच्या उन्हात नाहीतर पहिल्या पावसात काहीतरी बंद पडतं, आणि खोलून पाहिलं तर दिवा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. वायर पत्र्याला घासलेली असते, अर्थ, म्हणजे बॉडीला दिलेली मायनसची जोडणी, गंजलेली असते, फ्यूज मुळात बसवलेलाच नसतो.

म्हणून इथे दिव्यांपेक्षा वायरवर जास्त बोलायचं आहे. उदाहरणाला मारुती ईको कार्गो धरली आहे. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनाही हीच पद्धत चालते. विंगर किंवा ट्रॅव्हलर असेल तर वायर लांब लागेल, एवढाच फरक. पहिल्यांदा करत असाल तर एक अख्खा रविवार मोकळा ठेवा आणि काम उजेडात संपवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळेल या भरवशावर राहू नका. चार्जिंगचं ड्रिल आदल्या रात्री चार्ज करून ठेवा.

आधी कागद आणि पेन

कुठे, किती आणि कधी उजेड हवा, हे आधी लिहून काढा. माल वाहणाऱ्या ईकोला साधारण तीन ठिकाणी दिवा लागतो. माल ठेवायच्या भागात छताला दोन, मागच्या दरवाजाच्या वरच्या काठाला खाली पाहणारा एक, आणि केबिनमध्ये चलन-बिल वाचण्यापुरता एक.

छताचे दोन दिवे ८ वॅटचे धरले तर १६ वॅट, मागचा वर्क लॅम्प १८ वॅट, केबिनचा ३ वॅट. एकूण ३७ वॅट. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात: ३७ भागिले १२, म्हणजे जेमतेम ३ अँपिअर. फ्यूज, वायर आणि स्विच तिन्ही या हिशेबावरून ठरतात. दुकानदार ‘टाका हो, काही होत नाही’ म्हणाला तरी हिशेब आपण आपला करावा.

आता या तीन ठिकाणांचे दिवे तीन वेगळ्या फ्यूजवर ठेवा. सगळ्यांना मिळून एकच फ्यूज दिला तर मागच्या दिव्यात पाणी शिरून शॉर्ट झाला की आख्खी गाडी अंधारात जाते, आणि बिघाड कुठे आहे तेही कळत नाही. फ्यूज दिव्याला वाचवायला असतो असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. तो वायरला वाचवायला असतो. वायर जेवढा करंट न तापता वाहू शकते त्याच्या बऱ्याच आत फ्यूज उडायला हवा. १ चौरस मिलिमीटर वायरवर ३ अँपिअरचा फ्यूज म्हणजे भरपूर सुरक्षित. त्याच वायरवर ३० चा फ्यूज टाकला तर शॉर्ट झाल्यावर आधी वायरचं आवरण वितळेल, फ्यूज नंतर विचार करेल.

पट्टी घ्यायची का?

स्वस्त १२ व्होल्टची एलईडी पट्टी गाडीत का टिकत नाही, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असे छोटे गट असतात. तीन पांढऱ्या एलईडी मिळून साधारण सव्वानऊ व्होल्ट घेतात. पुरवठा बरोबर १२ व्होल्टचा असेल तर रेझिस्टरच्या वाट्याला पावणेतीन व्होल्ट येतात, आणि त्या हिशेबाने करंट ठरलेला असतो. पण इंजिन चालू झालं की अल्टरनेटर बॅटरीला १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो. एलईडी आपले सव्वानऊ-साडेनऊच घेतात, उरलेलं सगळं रेझिस्टरवर पडतं. पावणेतीनच्या जागी पावणेपाच व्होल्ट. म्हणजे व्होल्टेज वाढलं फक्त पाचवा हिस्सा, करंट मात्र जवळपास पावणेदोनपट. त्यात घोडबंदर रोडवर दुपारच्या ट्रॅफिकमध्ये छताचा पत्रा आधीच तापलेला. एकेक गट काळा पडत जातो आणि पट्टी दात पडल्यासारखी दिसू लागते.

यावर उपाय दोन. एक, खोक्यावर ‘९ ते ३० व्होल्ट’ असं स्पष्ट लिहिलेले, आत ड्रायव्हर (करंट ठराविक ठेवणारं सर्किट) असलेले दिवे घ्या. नवशिक्याने हेच करावं असं आमचं मत आहे. दोन, पट्टीच हवी असेल तर तिच्या आधी १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर लावा आणि पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवा, म्हणजे उष्णता निघून जाईल. पट्टीमागचा गोंद तापलेल्या छतावर फार दिवस धरत नाही, त्यामुळे चॅनल स्क्रूने किंवा रिव्हेटनेच पक्का करा. पट्टी कापायची ती फक्त छापलेल्या कात्रीच्या खुणेवर. मध्येच कापली तर तो गट गेला.

सामान

प्लसच्या मुख्य वायरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची लाल वायर ३ मीटर आणि तेवढ्याच जाडीची काळी २ मीटर. दिव्यांसाठी १ चौरस मिलिमीटरची वायर: ईकोची लांबी ३,६७५ मिलिमीटर आहे, पण वायर खालून वर, वरून मागे अशी वळत जाते, म्हणून मागच्या दिव्यापर्यंत ५ मीटर धरा. तिन्ही ठिकाणं मिळून लाल १५ मीटर आणि काळी ६ मीटर पुरते. थोडी उरली तर बरंच. कमी पडून मध्ये जोड द्यावा लागला तर तो जोडच पुढे त्रास देतो.

वायर बारीक तारांची, म्हणजे फ्लेक्सिबलच हवी. घराच्या फिटिंगमधली एकाच जाड तारेची वायर गाडीच्या हादऱ्यांनी आतल्या आत तुटते आणि बाहेरून कळतही नाही. शक्यतो ऑटो केबलच मागा, तिचं आवरण जास्त उष्णता सोसतं.

वायर घेताना टोक सोलून पाहा. आतल्या तारा लालसर दिसल्या म्हणून तांबंच असेल असं नाही. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही बाजारात असते. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ठेवून या, कारण ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि लगमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) दाबल्यावर ती सैल पडत जाते. उलट तारा वरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत लालसर निघाल्या तर ते कथलाचा मुलामा दिलेलं तांबं. खाडीकाठच्या हवेला तीच उत्तम, मिळाली तर सोडू नका.

बाकीची यादी अशी:

– ब्लेड फ्यूजचा ४ किंवा ६ खाचांचा बॉक्स, झाकणासह
– बॅटरीजवळ लावायचा झाकणवाला एकेरी फ्यूज होल्डर
– १० अँपिअरचा (लाल) १ फ्यूज आणि ३ अँपिअरचे (जांभळे) ३. प्रत्येकी दोन जादा
– १२ व्होल्ट डीसीसाठीचे रॉकर स्विच ३
– गोल लग, सपाट लग. १ चौरस मिलिमीटरला लाल आवरणाचे, २.५ ला निळे
– आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी)
– रबरी ग्रॉमेट (पत्र्याच्या भोकात बसणारं कडं), चुणीदार पाईप १० मीटर, केबल टायचं एक पाकीट
– मल्टिमीटर, वायर सोलणी, लग दाबायची क्रिम्पिंग पक्कड, १० नंबरचा पाना
– इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब, होल्डर आणि दोन वायरींसह. याचं काम शेवटी कळेल.

क्रिम्पिंग पक्कड स्वस्तातली साधी न घेता दात-चक्राची घ्या. पूर्ण दाब बसल्याशिवाय ती उघडतच नाही, त्यामुळे हाताचा अंदाज नसला तरी प्रत्येक लग सारखा दाबला जातो.

बॅटरी सोडवा

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण अंगठी प्लस आणि बॉडीच्या मध्ये आली तर ती क्षणात लाल होते. आधी मायनसची वायर सोडवायची, मग प्लस. उलट केलं आणि पाना प्लसवर असताना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. जोडताना क्रम उलटा: आधी प्लस, शेवटी मायनस. सोडवलेली मायनस वायर कापडात गुंडाळून बाजूला बांधा, नाहीतर ती आपसूक परत टर्मिनलला टेकते. घड्याळ आणि स्टिरिओचं सेटिंग जाईल, ते गृहीत धरा.

वायर कुठून न्यायची

ईको आणि ओम्नी दोन्हींमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे इतर गाड्यांसारखं ‘बॉनेटमधून आत’ असं सरळ गणित इथे नाही. सीटखालचा भाग गरम असतो, सायलेन्सरचा पाईप जवळ असतो. वायर इंजिनच्या आणि पाईपच्या वरून कधीच नेऊ नका. बॅटरीपासून निघून बाजूच्या पत्र्याला धरून, दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून मागे, तिथून मधल्या खांबाच्या आतून वर, आणि मग छताच्या काठाने मागे न्या.

बॅटरीच्या प्लसपासून पहिला फ्यूज १५ ते २० सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे. त्या पहिल्या तुकड्याला कुठलंच संरक्षण नसतं, म्हणून तो जेवढा आखूड तेवढा चांगला. फ्यूज बॉक्स मागे आहे, तिथे फ्यूज आहेतच की, ही पळवाट चालत नाही: बॅटरी ते बॉक्स ही वायर मध्येच घासली तर मागचे फ्यूज काय करणार?

पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबरी ग्रॉमेट हवंच. नुसतं भोक पाडून वायर ओढली तर पत्र्याची धार हादऱ्याहादऱ्याने आवरण कापते. भोक पाडण्याआधी पत्र्याच्या मागे काय आहे ते वाकून, हात घालून पाहा. गाडीच्या तळाखाली पेट्रोलची टाकी, इंधनाचा आणि ब्रेकचा पाईप असतो. भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड किंवा प्रायमर लावा आणि वाळू द्या. ठाणे-नवी मुंबईत खाडीची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, उघडा पत्रा एका मोसमात फुलतो.

बाहेरून आत येणारी वायर भोकात शिरण्याआधी थोडी खाली झुकवून मग वर न्या. पाणी त्या झोकाच्या तळाशी येऊन गळून पडतं, वायरवरून आत येत नाही. भोक सीलंटने बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल तांबं आणि पत्रा दोन्ही खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या.

सरकत्या दारातून वायर नेण्याचा मोह टाळा. मागचा दरवाजा वर उघडतो, त्यावर दिवा लावला तर बिजागरीपाशी वायर रोज वाकणार आणि कधीतरी तुटणार. म्हणून मागचा दिवा दारावर न लावता छताच्या मागच्या काठाला लावा. उजेड तोच पडतो, डोकेदुखी वाचते.

छताला स्क्रू मारायचे ते आतल्या आडव्या पट्टीतच. बाहेरच्या पत्र्याला लागले तर पावसाळ्यात नेमकं दिव्यात पाणी. १० ते १२ मिलिमीटरपेक्षा लांब स्क्रू आणूच नका, आणि ड्रिलच्या बिटला तेवढ्याच अंतरावर टेप गुंडाळा, म्हणजे खोल जाणार नाही. पिवळ्या रंगाचं आवरण किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा असतो. त्याच्या आसपास हातही घालायचा नाही.

गाडी सीएनजी असेल तर

मग जास्त काळजी. सिलिंडर मागे असतो, आणि सीएनजी हवेपेक्षा हलका, गळती झाली तर तो वर, म्हणजे छताकडे जातो. आपण दिवे नेमके तिथेच लावतोय. म्हणून छतापाशी स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा उघडा जोड ठेवू नका. स्विच सगळे पुढे केबिनमध्ये, छताला फक्त सीलबंद दिवा आणि सलग वायर. सीएनजीच्या पाईपला केबल टायने वायर बांधणं ही नेहमी दिसणारी आणि अत्यंत वाईट सवय आहे. ड्रिल मारण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सगळे दरवाजे उघडे ठेवा. गॅसचा वास येत असेल तर त्या दिवशी कामच नको.

अर्थ: निम्मे बिघाड इथे

गाडीत मायनस म्हणजे बॉडी. दिव्याची काळी वायर जवळच्या पत्र्याला जोडली की सर्किट पूर्ण होतं. पण रंग हा इन्सुलेटर आहे, आणि गंजही. बोल्टखालचा रंग सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, लगच्या आकाराएवढाच. गोल लग, मग दातेरी वॉशर, मग एम ६ चा बोल्ट घट्ट. वरून पेट्रोलियम जेली फासा, म्हणजे ओल बसणार नाही. सीट बेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका; जीव ज्याच्यावर आहे त्या बोल्टशी खेळ नको. पत्र्याला मारलेला नुसता स्क्रूही अर्थ म्हणून टिकत नाही, हादऱ्याने सैल होतो.

मागच्या दोन्ही ठिकाणच्या अर्थ वायरी एकाच चांगल्या पॉइंटवर आणल्या तर पुढे शोधणं सोपं जातं. केबिनच्या दिव्याला पुढे वेगळा पॉइंट द्या. फ्यूज बॉक्सला मायनसची पट्टी असेल तर २.५ ची काळी वायर तिथून बॉडीला न्या.

अर्थ चांगला झाला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. काम संपल्यावर दिवा चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, एक टोक दिव्याच्या मायनसला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ०.५ दिसलं तर बोल्ट उघडून पुन्हा घासा.

जोड

वायरी पिळून वर काळी टेप: ही पद्धत घरीही चुकीची आणि गाडीत तर नकोच. मे महिन्यात टेपचा गोंद पाझरतो, टेप सरकते, तारा उघड्या पडतात. चालू वायरला चिमटा मारून जोडणारे निळे-लाल टॅप क्लिपही टाळा. त्यांची पाती काही तारा कापते आणि त्या चिरेतून ओल आत शिरते. सोल्डर करणाऱ्यांचा आग्रह असतो, पण सोल्डर वायरच्या आत थोडं वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर कडक होते. हादऱ्याने ती नेमकी तिथेच तुटते. नीट दाबलेला लग सगळ्यात भरवशाचा.

वायर ६ ते ७ मिलिमीटर सोला. तारा हलक्या पिळा, दुमडू नका. आधी हीट श्रिंक वायरवर चढवा (हे विसरलं तर लग कापून पुन्हा सुरुवात), मग लगमध्ये टोकापर्यंत घाला आणि रंगाप्रमाणे पक्कडच्या खाचेत दाबा. मग ओढा, आणि चांगलं जोर लावून ओढा. हातात आला तर आत्ताच आला हे बरं.

फ्यूज बॉक्स आणि स्विच

बॅटरीचा प्लस, १० अँपिअरचा मुख्य फ्यूज, २.५ ची लाल वायर, फ्यूज बॉक्स. तिथून तीन जांभळे फ्यूज, प्रत्येकातून १ ची वायर स्विचला, स्विचमधून दिव्याला. एवढंच सर्किट. एकूण ३ अँपिअरला रिलेची गरज नाही. सगळीकडे रिले लावा असा सल्ला हॅलोजनच्या काळातला आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन ९ अँपिअरच्या वर घेत, तेव्हा तो बरोबर होता.

दिवा असलेल्या तीन पिनांच्या रॉकर स्विचवर नवशिके हमखास अडकतात. एक पिन पुरवठ्याची, एक दिव्याकडे जाणारी, तिसरी (बहुतेक पितळी रंगाची) स्विचमधल्या छोट्या दिव्याच्या अर्थची. पुरवठा आणि दिव्याची पिन अदलाबदल झाली तर स्विचमधला दिवा कायम पेटलेला राहतो. दिव्याची आणि अर्थची अदलाबदल झाली तर स्विच दाबल्याक्षणी फ्यूज उडतो, कारण तुम्ही प्लस थेट बॉडीला जोडलेला असतो. जोडण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जुळली की बीप देणारी सेटिंग) ठेवून कोणत्या दोन पिना स्विच दाबल्यावर जुळतात ते पाहा. त्यातली एक पुरवठा, एक दिवा.

प्रत्येक फ्यूजशेजारी मार्करने ‘छत’, ‘मागे’, ‘केबिन’ लिहून ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना

इथे तो २१ वॅटचा बल्ब. सगळे स्विच बंद ठेवा, मुख्य १० अँपिअरचा फ्यूज काढा आणि त्याच्या दोन खाचांत बल्बच्या दोन वायरी सपाट लग लावून बसवा. आता बॅटरी जोडा. बल्ब विझलेला राहिला तर ठीक. भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच देत नाही, त्यामुळे धूर नाही, फ्यूजची नासाडी नाही. एकेक जांभळा फ्यूज काढत जा. ज्याने बल्ब विझेल ती लाईन दोषी. एकही काढून विझला नाही तर दोष बॅटरी ते बॉक्स या वायरीत आहे.

मग एकेक स्विच चालू करा. दिवा लागला आणि बल्ब मंद पेटला तर ते अपेक्षितच आहे. मागचा १८ वॅटचा दिवा बल्बमधून लुकलुकला तरी घाबरू नका, त्याला पुरेसा पुरवठा मिळत नसतो. स्विच चालू करताच बल्ब पूर्ण पेटला आणि दिवा लागलाच नाही, तर स्विचच्या पुढे शॉर्ट. दोन्ही विझलेले राहिले तर प्लस-मायनस उलटे लागले असतील किंवा अर्थ मिळत नसेल. सगळं जुळलं की बल्ब काढून खरा फ्यूज बसवा, गाडी चालू करून दिव्यापाशी व्होल्टेज पाहा. बॅटरीपाशी १४.२ असेल तर मागे १३.९ च्या आसपास हवं. १ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या वायरीत दीड अँपिअरला साधारण ०.१५ व्होल्ट पडतो, थोडा मुख्य वायर, फ्यूज, स्विच आणि अर्थमध्ये; त्याहून बरंच जास्त पडत असेल तर कुठलातरी लग नीट दाबलेला नाही.

दार उघडलं की दिवा

हे बऱ्याच जणांना हवं असतं. कंपनीच्या दाराच्या स्विचला हात न लावता मागच्या दाराला स्वतंत्र चुंबकी स्विच लावा. दार उघडल्यावर संपर्क जुळणारा प्रकार मागून घ्या. त्याचे संपर्क नाजूक असतात, १८ वॅटचा दिवा थेट त्यावर टाकला तर ते चिकटून बसतात आणि दिवा विझत नाही. इथे मात्र रिले हवाच. ‘मागे’ च्या फ्यूजमधून रिलेच्या ३० आणि ८६ नंबरच्या पिनांना, ८७ मधून दिव्याला, ८५ मधून चुंबकी स्विचमार्गे बॉडीला. आत डायोड असलेला रिले घेतला तर ८६ ला प्लसच जोडा, उलट केलं की फ्यूज उडेल. ८५ च्या वायरीत एक साधा स्विच ठेवा, म्हणजे दिवसा दोन तास माल उतरत असताना दिवा उगाच जळणार नाही. सीएनजी गाडीत मात्र हा प्रकार सोडून द्या आणि केबिनमधल्या स्विचवरच भागवा.

बॅटरी किती वेळ पुरेल

बॅटरीवर तिची क्षमता लिहिलेली असते. ३५ अँपिअर-तासांची धरली तर सगळे दिवे दोन तास चालू ठेवल्यावर ६ अँपिअर-तास जातात. सेल्फ मारायला भरपूर उरतं. रात्रभर, दहा तास विसरले तर ३० जातात आणि सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. शिवाय सेल्फची बॅटरी वारंवार तळाला नेली की तिचं आयुष्यच आटतं. विसरण्याची खात्रीच असेल तर मुख्य फ्यूजनंतर लो-व्होल्टेज कट-ऑफ मॉड्यूल लावा आणि १२.१ व्होल्टवर बंद होईल असं ठेवा. गाडी उभी असताना निरोगी भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी.

बाहेर दिसणारा उजेड

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ पुढे लाल आणि मागे लालखेरीज दिवा दाखवू देत नाही. रिव्हर्स, नंबर प्लेट, इंडिकेटर यांना सूट आहे. त्यामुळे मागचा पांढरा वर्क लॅम्प गाडी चालताना बंदच हवा. सायन-पनवेल महामार्गावर मागच्याच्या डोळ्यांत तो गेला तर दंडाच्या आधी ठोकरच बसेल. लाल-निळे लुकलुकणारे दिवे आणि छतावरचे लाईट बार विसरा. व्यावसायिक गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग असतं. वाशी असो की ठाणे, लोंबणाऱ्या वायरी आणि बाहेरचे दिवे पहिले नजरेत येतात. नवी गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या हार्नेसला (मूळ वायरिंगच्या जुडग्याला) कुठेही छेद देऊ नका. वरच्या पद्धतीत तशी गरजच पडत नाही.

बिघडलं तर कुठे पाहायचं

खड्ड्यात आदळलं की दिवा लुकलुकतो: अर्थचा बोल्ट. इंजिन बंद असताना ठीक, चालू केल्यावर दिवा उडतो: दिवा १४ व्होल्टसाठी नाही. पाऊस पडल्यावर ‘मागे’ चा फ्यूज उडतो: दिव्याच्या वायरीचं तोंड वर आहे, पाणी साठतंय, दिवा उलटा फिरवून वायर खाली आणा. तोच फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर मोठा बसवू नका. आणि दिवे लावल्यापासून रेडिओवर खरखर येत असेल तर ती दिव्यातल्या स्वस्त ड्रायव्हरची. दिव्याची वायर अँटेनाच्या वायरीपासून दूर हलवा, दिव्याजवळ वायरीवर फेराइटचा मणी चढवा, तरी गेली नाही तर दिवाच बदला.